सूचना: मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये स्प्लिंट बांधण्याबाबत

सर्व प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना कळविण्यात येते की, मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णास स्प्लिंट (मोडलेले हाड हलू नये म्हणून बांधायचा आधार) बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतरही पावलावरील नाडी, संवेदना व बोटांची हालचाल तपासून दोन्ही नोंदी वेळेसह केसपेपरवर लिहाव्यात. घाईत दुसरी नोंद राहून जाते, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची असते. जखम दिसत नसली तरी मांडीत १ ते १.५ लिटर रक्त साचू शकते, म्हणून नाडी व रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावे. वेदनाशामक दिल्याशिवाय पाय ओढू नये. थॉमस स्प्लिंटची (पाय ताणून धरणाऱ्या धातूच्या लांब चौकटीची) कडी जांघेत रुतणार नाही इतका कापूस घालावा. पेल्व्हिस (कमरेखालील हाडांचे कडे), गुडघा किंवा घोट्याला इजा झाल्याचा संशय असल्यास मात्र ट्रॅक्शन (पाय ओढून दिलेला ताण) न देता पाय केवळ स्थिर करून वरिष्ठांना तातडीने बोलवावे.