मैदान भाड्याने, धावपटू खड्ड्यात

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात सराव करताना माझ्या विद्यार्थिनीचा पाय मांडवाच्या खांबाच्या खड्ड्यात गेला आणि घोट्याचं हाड मोडलं. स्पर्धा तोंडावर होती, ती हुकली. खड्डा वरवर माती लोटून झाकलेला होता, म्हणजे बुजवल्याचं बिलही निघालं असणार. याच मैदानावर गेल्या वर्षी गळ्यात हार घालून आपण माईकवरून सांगितलं होतं, 'स्पर्धांच्या मोसमात इथे मांडव उभा राहणार नाही.' यंदा एक उतरला की दुसरा चढतो. त्यातल्या एकाच्या कमानीवर आपलाच फोटो होता, हसरा.

आपले अधिकारी म्हणतात, शिवाजी पार्कवरसुद्धा खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना वर्षाचे 45 दिवस असतातच की. 365 मधले फक्त 45! साहेब, मुंबईत पाऊसही पडतो. जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल. ऑक्टोबरात ते सुकतं, रोलर फिरतो. मार्चपासून घामाने पोरं गळतात. धावायला उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लग्नं, महोत्सव, गाण्याचे जलसे, आपले सत्कार, सगळं याच चार महिन्यांत. म्हणजे 45 जातात ते आमच्या 120 मधून. वर मांडव बांधायचे आणि सोडायचे दिवस आमच्याकडे कुणी मोजतच नाही.

कार्यक्रम संपला की आमची पोरं दोरीला लोहचुंबक बांधून ट्रॅकवर ओढत फिरतात. मूठमूठ खिळे निघतात. गोळाफेकीच्या वर्तुळात भज्यांची कढई होती, तेलाचा डाग अजून आहे. जनरेटरच्या गाडीने लेन तीन आणि चार नांगरून ठेवल्यात. मी पहाटेची पहिली लोकल पकडून येतो, मानधन नाही, गुडघ्यांची वाटी झिजलीय, बायको म्हणते घरी बसा. परवा त्या मुलीच्या आईसमोर हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. तिने एक अक्षर विचारलं नाही, तेव्हापासून झोप नाही.

मागणं एवढंच की आयोजकांकडून जबर अनामत घ्या आणि आम्ही चालून बघितल्याशिवाय ती परत करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदान भाड्याने देऊ नका.

पैसा नाही म्हणू नका. तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेटवाल्यांचं भांडण झालं, तर ब्रेबॉर्न स्टेडियम हाकेच्या अंतरावर असताना साधारण 13 महिन्यांत वानखेडे उभं राहिलं, 1975 साली. रुसवे-फुगव्यांसाठी 13 महिने पुरतात. आमच्याकडे मुलींना कपडे बदलायला खोली मागितली, तर फाईल अजून फिरतेय. गॅलरीचे लोखंडी गज खाऱ्या हवेने सडलेत. त्यांना रंग लागतो फक्त पाहुणे येणार असले की.

आणि भाषणात 2036चं ऑलिंपिक भारतात! खाशाबा जाधव वर्गणीच्या पैशांवर हेलसिंकीला गेले, 1952 मध्ये पदक आणलं. महाराष्ट्राचं पुढचं वैयक्तिक पदक नेमबाज स्वप्नील कुसाळेचं, 2024 मध्ये. मधली 72 वर्षं खातं होतं, मंत्री होते, लाल दिवेही होते. पोरगं जिंकलं की विमानतळावर हार घेऊन गर्दी, पाय मोडला की 'अर्ज करा'. अर्ज केला. पोचपावती मिळाली, त्यावर शिक्का दुसऱ्याच विभागाचा.

पुढचा मांडव येत्या शनिवारी आहे, निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुणे म्हणून आपलं नाव आहे. व्यासपीठाकडे येताना लेन तीन टाळा.

आपला,
एक बिनपगारी प्रशिक्षक