तुझ्या कोकणीची मला गरज आहे

पवई, मुंबई

प्रिय शमा,
सप्रेम नमस्कार.

"पीएच.डी.त नेमकं करतेस तरी काय?" असं तू फोनवर विचारलंस. उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

यंत्रानुवादाकडे मी वळले ती गणितामुळे. आयबीएमच्या संशोधकांनी १९९३ मध्ये कॅनडाच्या संसदेतल्या कामकाजाच्या इंग्रजी-फ्रेंच नोंदी घेऊन, कुठल्या शब्दासमोर कुठला शब्द येण्याची शक्यता किती, हे मोजत अनुवादाची प्रारूपं मांडली. व्याकरणाचा नियम एकही नाही! वाचून मी हरखून गेले होते. पुढे न्यूरल नेटवर्कवर चालणारा अनुवाद आला आणि ती पद्धत मागे पडली; २०१७ मध्ये त्यातलीच ट्रान्सफॉर्मर ही नवी रचना आली. अट मात्र तीच राहिली: दोन्ही भाषांतली जोडीची वाक्यं भरपूर हवीत.

इथेच आपलं अडतं. २०२१ मध्ये 'समानांतर' हा संग्रह आला. इंग्रजी आणि अकरा भारतीय भाषांमधल्या जवळजवळ पाच कोटी वाक्यजोड्या. मराठी त्यात आहे, कोकणी नाही. आणि ती १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. २०२३ च्या इंडिकट्रान्स२ या अनुवादाच्या मॉडेलमध्ये अनुसूचीतल्या बावीसही भाषा आल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं.

माझा प्रबंध मराठी-कोकणी अनुवादावर आहे. भाषा जवळच्या, म्हणून काम सोपं, असं पुष्कळांना वाटतं. पण खरी फसगत त्या जवळिकीतच आहे. 'मला पाणी पाहिजे'चं 'म्हाका उदक जाय' व्हायला हवं. यंत्र 'म्हाका पाणी पाहिजे' म्हणून मोकळं होतं. अनुवादाला गुण देण्याची जुनी रीत, ब्ल्यू, २००२ ची. ती माणसानं केलेल्या अनुवादाशी अख्खे शब्द जुळवते, त्यामुळे एखादा प्रत्यय चुकला तरी पूर्ण शब्द बाद. आपल्या प्रत्ययांच्या भाषांना सीएचआरएफ हे दुसरं मोजमाप बरं, कारण ते अक्षरांचे तुकडे जुळवतं. पण मराठी आणि कोकणीत असे तुकडे मुळातच इतके सारखे, की मराठी वाक्य जसंच्या तसं उतरवलं तरी पदरात काही गुण पडतात. म्हणजे आकडा वाढला म्हणून कोकणी सुधारली असं म्हणता येत नाही. माझ्या मते आज आणखी मोठं मॉडेल बांधण्यापेक्षा हे नीट तपासणं जास्त गरजेचं आहे, आणि तपासायला दोन्ही भाषा अंगवळणी पडलेली माणसंच लागतात.

म्हणून तुला गळ घालतेय. तू फोंड्यात वाढलीस, घरी कोकणी, शाळेत मराठी शिकवतेस. मी वाक्यं पाठवीन. मूळ अर्थ उतरलाय का आणि ही कोकणी कुणी बोलेल का, एवढंच वेगवेगळं नोंदवायचं. देवनागरीतली लेखी कोकणी बरीचशी तुमच्या फोंड्याकडच्या अंत्रुजी बोलीवर बेतलेली, त्यामुळे तुझ्या कानाला जे सहज वाटेल ते दक्षिण गोव्यातल्या साष्टीत खटकू शकतं. तुझ्या ओळखीत साष्टीचं, रोमी लिपीत लिहिणारं कुणी असेल तर त्यांनाही विचार. मानधनाची तरतूद आहे, फुकट राबवणार नाही.

गणपतीत येतेच आहे. तेव्हा पहिला गठ्ठा समोर बसून पाहू, पण होकार त्याआधी कळव. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
मृणाल