पुलावाची ताटली परत नेणाऱ्या अबींना

प्रिय अबी,

तुमच्या छातीवर नावाची पट्टी होती आणि ती मी वाचलीही होती, पण इथे नाव लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला चालेल का, ते विचारायचं राहून गेलं. बोटीवरची सगळी पोरं तुम्हाला 'अबी' म्हणत होती. अबी म्हणजे दादा. मला तेवढं पुरे.

मे महिन्यातल्या एका रात्री इस्तंबूलच्या काबाताश धक्क्यावरून सुटलेल्या बोटीत, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या टेबलावर एक नऊवारी नेसलेली बाई बसली होती. ती माझी आई. तुम्हाला रोज शे-दोनशे माणसं वाढायची असतात, सगळी कुठून लक्षात राहणार! पण नऊवारी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, हे ध्यान विसरला नसाल.

पत्र मराठीत लिहितेय. तुम्ही ते फोनला वाचायला दिलंत तर त्याची तुर्कीत काय दशा होईल देव जाणे. त्या रात्री आपल्या दोघांच्या फोननी घातलेला गोंधळ मी विसरलेले नाही. पण परत आल्यापासून ओळखीतली निम्मी माणसं एकच विचारतात, "बॉस्फरसवरची ती जेवणाची बोट करावी का गं?" त्यांनाही हे वाचता यावं म्हणून मराठी.

आधी थोडी तक्रार, नाहीतर तुमचे आभार कशाचे ते कोणाला कळायचं नाही. आमच्या एजंटला मी तीनदा लिहून कळवलं होतं की आई माळकरी आहे. मांस, मासे, अंडं काहीही चालत नाही. तीनदा उत्तर आलं, "व्हेज कन्फर्म मॅडम." बोटीवर पोचलो तर वरच्या मजल्यावर, स्पीकरला खेटून टेबल, आणि आईच्या पुढ्यात तळलेला अख्खा मासा, डोक्यासकट. वाढणाऱ्या पोराला सांगितलं, हे चालत नाही. तो बिचारा लगबगीने ताटली घेऊन गेला आणि चिकन घेऊन आला. चिकन म्हणजे काही मांस नव्हे, असा त्याचा अगदी प्रामाणिक समज होता. मी एजंटला फोन लावत बसले, तो उचलेना. आईने काही न बोलता पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला.

तो लाडू तुम्ही पाहिलात. कुठून पाहिलात कोण जाणे, तुम्ही जिन्याशी उभे होता. टेबलाशी येऊन वाकलात आणि मला न विचारता थेट तिलाच विचारलंत, "तेय्झे?"

ह्या शब्दासाठी मला इथे थांबावंसं वाटतं. इंग्रजीत सगळ्या बायकांची मिळून एक 'आंटी' होते. तुर्कीत तेय्झे म्हणजे मावशीच, आईची बहीण. आत्या वेगळी, तिला हाला म्हणतात. मामा दायी, काका आम्जा. नात्यांचा आपल्यासारखाच काटेकोर हिशेब, आणि अनोळखी म्हाताऱ्या बाईला हाक मारायची ती मावशी म्हणून. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग नीटच वाढेल हा."

तुम्ही आम्हाला खाली आणलंत. अरुंद लोखंडी जिना, बोट हलतेय, आईचे गुडघे असे. तुम्ही पुढे झालात, पण तोंड तिच्याकडे करून, एकेक पायरी मागे सरकत, दोन्ही हात पुढे धरून उतरलात. हाताला हात लावला नाहीत. पडलीच तर धरता येईल, एवढ्याच अंतरावर ते ठेवलेत.

मग एकेक वाटी आली. जाड दह्यात पुदिना घातलेली हायदारी. भाजलेलं वांगं, ते आईने वास घेऊनच ओळखलं. ऑलिव्ह तेलात शिजवून गार केलेल्या फरसबीच्या शेंगा. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळलेली सारमा, आणि ती ठेवताना तुमचा खुलासा: गार सारमा आली तर बिनधास्त खा, गरम आली तर आत खिमा असतो. तुमच्याकडे तेलातल्या गार भाज्यांचा असा अख्खा खानाच वेगळा आहे, झेय्तिनयाअली म्हणतात त्याला, हे मला कुठल्याच प्रवासवर्णनात सापडलं नव्हतं. शिवाय आयरान. आईने घोट घेतला आणि म्हणाली, "ताक आहे की! मीठ जरा जास्त झालंय."

आणि मग पुलाव. तो दुसऱ्या पोराने आणून ठेवला होता. पांढराशुभ्र भात, मध्ये तांबूस भाजलेल्या शेवया, वर लोण्याची चकाकी. तीन दिवसांनी भात दिसला होता. आईने चमचा भरला, तो तोंडाशी गेला, आणि तुम्ही चार टेबलं पलीकडून "तेय्झे, योक!" म्हणत जवळजवळ धावत आलात. योक म्हणजे नाही. तुम्ही फोनमध्ये काहीतरी बोललात आणि पडदा माझ्यापुढे धरलात. त्यावर मराठीत आलं होतं, 'कोंबडीचे पाणी.'

मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला होता. त्यात तुकडा नव्हता, वास नव्हता, काही नाही. तुम्ही गप्प बसला असतात तर जगात कोणालाही कळलं नसतं. आई पोटभर जेवली असती, मी खूश झाले असते, तुमची एक फेरी वाचली असती. पण तुम्ही ती ताटली उचललीत, आणि उचलताना तुमची नजर आईच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली. ती माळ कशाची, हे तुम्ही विचारलं नाहीत. कशासाठी घातलीय ते तुम्हाला आत्तापर्यंत कळलेलं होतं.

ह्याच एका गोष्टीसाठी पत्र लिहायला घेतलं. आईने माळ घातली ती लग्नाच्याही आधी. आम्ही फलटणचे. दर आषाढात माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते, आणि आई पन्नासेक वर्षं तिच्या वाटेवर भाकरी वाढत आलीय. कुठल्या ताटात काय वाढायचं नाही, हे बघणं तिच्या हाडीमाशी आहे. परक्या मुलखात पाण्यावर कोणीतरी तिच्यासाठी तेच बघितलं, ह्यावर ती दोन दिवस बोलत होती.

बाहेर काय काय दिसलं ते भराभर सांगते, कारण त्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. डोल्माबाहचेचा राजवाडा दिव्यांनी उजळलेला. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क तिथेच वारले, १९३८ साली. ओर्ताकॉयची मशीद पाण्याला अगदी टेकलेली. १९७३ चा झुलता पूल, क्षणाक्षणाला रंग बदलणारा. जरा लग्नाच्या मांडवासारखा वाटला. मग रुमेली हिसार, उस्मानी सुलतान मेहमदने १४५२ मध्ये चार-एक महिन्यांत उभा केलेला किल्ला. युरोप आणि आशिया यांच्यामधली बॉस्फरसची सामुद्रधुनी तिथे सगळ्यात अरुंद होते, जेमतेम सातशे मीटर. "म्हणजे हाक मारली तर आशियात ऐकू जाईल," आई म्हणाली. तिथून पुढे गेल्यावर बोट वळली.

नाच त्याच्या आधीच सुरू झाले होते. पहिला सेमा, म्हणजे दर्वेशांचं, सूफी साधकांचं, गिरक्या घेत केलेलं ध्यान. दिवे मंद झाले, बासरीसारख्या नेयची ध्वनिफीत लागली आणि एकच दर्वेश आला. काळा झगा उतरवला, खाली पांढरं शुभ्र. खांद्यांवर दुमडलेले हात हळूहळू उमलले, उजवा तळवा आभाळाकडे, डावा जमिनीकडे, आणि डाव्या पायावर तो फिरायला लागला. त्या जागेत आपली सतरंजीसुद्धा धड अंथरता आली नसती. भोवती काटे-चमचे वाजत होते, मोबाइल वर गेले होते, आमच्या मागचा माणूस कांदा मागत होता.

तुम्ही हातातला ट्रे ओट्यावर ठेवलात आणि उजवा हात छातीवर ठेवून उभे राहिलात. तेवढ्यातच आईने ताट पुढे सरकवलं आणि हात जोडले. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नव्हतं. मी मात्र दोघांना पाहिलं.

नंतर तुम्ही मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी उलगडून सांगितलंत. डोक्यावरची उंच टोपी म्हणजे अहंकाराच्या थडग्यावरचा दगड. काळा झगा म्हणजे थडगं, पांढरा घोळ म्हणजे कफन. ह्या दर्वेशांचे गुरू, सूफी कवी मौलाना रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्यात गेले, आणि त्या रात्रीला तुमच्याकडे शेब-इ आरूस म्हणतात, लग्नाची रात्र. खरा सेमा बघायचा तर डिसेंबरात कोन्याला जा, म्हणालात. आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हा जेवता जेवता बघायचा प्रकार नव्हे." हे मी तुम्हाला इंग्रजीत सांगितलं, आणि तुम्ही नुसते डोळे मिटून मान हलवलीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्तंबूलातल्या गलाताचा मेवलेवी, म्हणजे रूमींच्या पंथाचा, मठ पाहिला, १४९१ सालचा. आता तिथे संग्रहालय आहे. १९२५ च्या कायद्याने दर्वेशांचे सगळे मठ बंद झाले, त्यात तोही होता. बोटीवर दर्वेश फिरतो आणि अर्ध्या तासाने त्याच फरशीवर पोट हलवणारी नर्तकी येते, ह्याला काय म्हणावं ते मला ठरवता आलेलं नाही. नर्तकी कसलेली होती, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात झगझगीत दिवे तिच्या वाट्याला, आणि गावागावांतले नाच तीन-तीन मिनिटांत गुंडाळलेले, हे मला खटकलं. आईने त्या वेळात खिडकीतून दुसरा पूल पाहून घेतला.

गावातले नाच मात्र झकास होते. हालायमध्ये पोरं करंगळीत करंगळी अडकवून ओळीने आली, टोकाचा पोरगा रुमाल गरगर फिरवत होता. त्या रुमालाला मेंदिल म्हणतात, आणि आपल्याकडे मंदील म्हणजे जरीचा फेटा. एकच शब्द तिकडे हातात राहिला आणि इकडे डोक्यावर चढला. मग एजियन किनाऱ्याचा झेय्बेक, घारीसारखे हात पसरून, गुडघा जमिनीला टेकवून, इतका संथ की आता पडतो की काय वाटावं. आई भजनात टाळ धरते, त्यामुळे तिची बोटं टेबलावर आपोआप मोजत होती. "नऊ आहेत बघ मात्रा," ती म्हणाली. नऊच असतात, हे मी नंतर वाचलं.

मग होरोन लागला, काळ्या समुद्राकडचा नाच. तुम्ही चहाचे बारा पेले घेऊन चालला होता, कमरेशी निमुळते असतात ते. केमेंचेचा, म्हणजे तिकडच्या छोट्या सारंगीसारख्या वाद्याचा, पहिला सूर आला आणि ट्रेवरचे पेले किणकिणायला लागले. मी वर पाहिलं. तुमचा चेहरा गंभीर, हात स्थिर, पण खांदे थरथरत होते आणि काळ्या बुटातली टाच मशीनच्या सुईसारखी चालली होती. चहाचा थेंब सांडला नाही. "त्राब्झोन," तुम्ही म्हणालात, आणि छातीवर बोट ठेवलंत. काळ्या समुद्रावरचं तुमचं गाव ते. वर डोंगरातल्या कुरणांवर उन्हाळ्यात होरोन सुरू झाला की तासन्‌तास थांबत नाही, आणि ती थरथर जाळ्यातल्या हमसी मासळीची. आपल्या मांदेलीचीच बहीण ती, पण माळकरणीला मी ते सांगितलं नाही. तिचं लक्षही नव्हतं. ती मोजत होती. "सात. रूपकच, पण उलटा. दोन-दोन-तीन."

शेवटी कोन्याकडचा चमच्यांचा नाच. आईचे डोळे त्या लाकडी चमच्यांवरून हलेनात. तुम्ही आत गेलात आणि स्वयंपाकघरातले चार लाकडी चमचे घेऊन आलात. एका हातात दोन, पाठीला पाठ, मधे बोट. तुम्ही एकदा दाखवलंत, आणि तिने लगेच वाजवले, कारण चिपळ्या ती आयुष्यभर वाजवत आलीय. तुम्ही थक्क झालात. आचारी दारातून डोकावला. मी पढवल्याप्रमाणे आई त्याला म्हणाली, "एलिनिझे साअलिक," तुमच्या हातांना आरोग्य मिळो, आणि वर मराठीत, "वांगं छान होतं हो."

धक्क्यावर उतरताना मी दिलेले पैसे तुम्ही सगळ्यांच्या डब्यात टाकलेत. चमचे मात्र परत घेतले नाहीत. आईने उरलेले राजगिऱ्याचे लाडू तुम्हाला दिले. ते कसे लागले, ते तेवढं कळवा.

विचारणाऱ्यांना मी सांगते, बोट करा, पण टेबल खालच्या मजल्यावर, स्पीकरपासून लांब मागा, आणि भात कशात शिजवलाय ते विचारल्याशिवाय घास घेऊ नका. तुम्ही सगळ्यांना कुठून भेटणार?

चमचे आता फलटणला, विठोबाच्या फोटोखालच्या फळीवर असतात. एकादशीच्या भजनात आई तेच वाजवते, आणि मंडळातल्या बायका तिला आता तेय्झे म्हणायला लागल्यात. गेल्या महिन्यात चारातला एक दांड्याशी चिरला. तिने दोरा गुंडाळलाय, पण आवाज बद्द येतो. तसला एक सुटा मिळतो का हो तिकडे? डिसेंबरात कोन्याला जायचं तिच्या मनात आहे. वाटेत इस्तंबूल लागतंच.

तुमची,
तेय्झेची मुलगी