चकतीत न मावणारे टक्के

महोदय,

रोगाला कोणता घटक किती टक्के जबाबदार हे दाखवणारी कालच्या आरोग्य पुरवणीतली ती रंगीत चकती पाहिली. तंबाखू, लठ्ठपणा, रक्तदाब, दारू, हवा असे एकेकाचे तुकडे, आणि बेरीज जुळेना म्हणून की काय, उरलेल्या फटीवर ‘आनुवंशिकता व इतर’ ही चिठ्ठी. बेरीज बरोब्बर १०० केल्याबद्दल आपल्या कला विभागाचे अभिनंदन. मात्र हे आकडे मुळात बेरजेचे नव्हतेच.

चकतीतला प्रत्येक टक्का म्हणजे ‘पॉप्युलेशन ॲट्रिब्युटेबल फ्रॅक्शन’, समाजातल्या रोगातला त्या घटकाचा वाटा. तो एवढेच सांगतो की तो एक घटक समाजात नसता आणि बाकी सारे होते तसेच राहिले असते, तर किती टक्के रुग्ण कमी झाले असते. हा प्रश्न प्रत्येक घटकासाठी नव्याने विचारायचा असतो. ज्या रुग्णाला रोग व्हायला दोन घटक एकत्र यावे लागले, तो दोघांच्याही खात्यात मोजला जातो, कारण कुठलाही एक नसता तरी तो वाचला असता.

हॅमंड, सेलिकॉफ आणि सीडमन या संशोधकांचे १९७९ चे, ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाशी संबंध येणाऱ्या कामगारांवरचे आकडे या विषयाच्या वर्गात नेहमी फळ्यावर येतात. फुप्फुसाच्या कर्करोगाने लाखामागे वर्षाला होणारे मृत्यू असे: धूम्रपानही नाही आणि ॲस्बेस्टॉसही नाही, ११. नुसते ॲस्बेस्टॉस, ५८. नुसते धूम्रपान, १२३. दोन्ही, ६०२. आता दोन्ही असलेला गट घ्या. धूम्रपान काढले तर ६०२ चे ५८ होतात, म्हणजे ९० टक्के मृत्यू टळतात. त्याऐवजी ॲस्बेस्टॉस काढले तर १२३ उरतात, म्हणजे ८० टक्के टळतात. बेरीज १७०. दोन्ही एकदम काढले तर मात्र ९८. आपल्या चकतीच्या न्यायाने या कामगारांच्या वाट्याला ‘आनुवंशिकता व इतर’ उणे ७० टक्के यायला हवी! हे एका गटापुरते झाले, पण घटक एकमेकांचा जोर वाढवत असतील तर सबंध समाजाच्या आकड्यांतही हेच होते.

एकत्रित आकडा हवाच असेल तर निदान गुणाकार करा. तीन घटकांचे वाटे ४०, ३० आणि २० टक्के असतील, ते एकमेकांशी निगडित नसतील आणि त्यांचे धोके एकमेकांना गुणत असतील, तर उरणारा भाग ०.६ गुणिले ०.७ गुणिले ०.८, म्हणजे ०.३३६. तिघे मिळून ६६ टक्के, ९० नव्हे. प्रत्यक्षात लठ्ठपणा आणि रक्तदाब एकमेकांत गुंतलेले असतात. लठ्ठपणाचे बरेचसे नुकसान रक्तदाबाच्या वाटेनेच होते, तेव्हा हाही हिशेब ढोबळच.

चकतीसोबतच्या लेखात हे टक्के काढायला वापरलेले सूत्र मॉर्टन लेव्हिन यांचे, १९५३ चे: समाजातले घटकाचे प्रमाण गुणिले (सापेक्ष धोका वजा १), आणि त्याला एक अधिक तीच रक्कम याने भागायचे. सापेक्ष धोका म्हणजे घटक असलेल्यांचा धोका नसलेल्यांच्या किती पट. प्रमाण ३० टक्के, धोका दुप्पट, उत्तर २३ टक्के. प्रमाण २ टक्के, धोका दहापट, उत्तर १५. म्हणजे सौम्य पण सर्वत्र पसरलेला घटक भयंकर पण दुर्मीळ घटकाला मागे टाकतो. लेखातला एवढा मुद्दा बरोबर होता, तो मान्य. पण पुढे लेखकांनी वय आणि इतर घटकांसाठी समायोजित केलेला, म्हणजे त्यांचा परिणाम वजा करून काढलेला, सापेक्ष धोका त्याच सूत्रात घातला, आणि तिथे ते चुकते. समायोजित धोक्यासाठी मिएटिनेन यांचे १९७४ चे रूप लागते. त्यात समाजातले नव्हे, तर रुग्णांमधले घटकाचे प्रमाण घेऊन त्याला (धोका वजा १) भागिले धोका याने गुणतात. वरच्याच पहिल्या उदाहरणात (प्रमाण ३० टक्के, धोका दुप्पट) रुग्णांमधले प्रमाण ४६ टक्के येते. समायोजनानंतर धोका २ वरून १.५ वर आला, तर लेव्हिनच्या सूत्राने १३ टक्के येतात, मिएटिनेनच्या सूत्राने १५. फरक लहान दिसतो, पण वयासारखे, घटक आणि रोग दोन्हींशी जोडलेले, गोंधळ घालणारे घटक प्रबळ असले की तो वाढतो.

शिवाय ‘घटक नसता तर’ म्हणजे नेमके काय, हे कुठेच लिहिलेले नाही. रक्तदाब शून्य तर करता येत नाही! तुलना कुठल्या पातळीशी केली? वरचा आकडा १४० पेक्षा जास्त असलेले सगळे १४० वर आणले, की सगळा समाज ११५ वर? रेघ जितकी खाली ओढाल तितके जास्त लोक ‘धोक्यात’ मोजले जातात आणि टक्का फुगतो. डॉल आणि पेटो या संशोधकांनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग मृत्यूंपैकी आहाराचा वाटा ३५ टक्के सांगितला, आणि शेजारी अंदाजाची मर्यादा छापली १० ते ७०. आपल्या चकतीत मात्र प्रत्येक तुकडा दशांश चिन्हासह!

चौकटीची जागा शिल्लकच होती. तिथे साधे आडवे पट्टे काढा, प्रत्येक घटकाचा वेगळा, शेजारी मर्यादा, खाली तुलनेची पातळी आणि ‘यांची बेरीज करू नये’ ही एक ओळ.

आणि त्याच पानावरचे ‘धोका दुप्पट!’ हे शीर्षक. कशाच्या दुप्पट? दहा हजारांत एकाचे दोन झाले की शंभरात दहाचे वीस, हे बातमीच्या शेवटच्या ओळीपर्यंत सापडले नाही. उद्गारचिन्हाला जागा होती, त्या आकड्याला नव्हती?

आपला,
एक नियमित वाचक