कणखरपणा शिबिरात मिळत नाही

‘खेळाडूंनी सैनिकांकडून मनाचा कणखरपणा शिकावा’ या आशयाचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मुद्दा रास्त आहे. पण ‘मरेन, पण हटणार नाही’ या बाण्यावर दिलेला भर खटकला.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम येथे त्याने सेवा बजावली. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा असतो. शेवटच्या फेरीत, बूट भिजून पाय जड झाल्यावर आवेश फारसा कामी येत नाही. अडथळ्यापूर्वीच्या पावलांचा हिशेब अंगवळणी पडलेला असावा लागतो. जवानाचेही तसेच. तीच कवायत, तीच शस्त्रसफाई, कंटाळा आला तरी रोज.

शिवाय जवानाला पगार, पोटभर जेवण आणि दुखापतीवर उपचार यांची शाश्वती असते, हे लेखात आलेच नाही. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची ताकद यातच आहे. आपल्याकडे मात्र सुट्टीत ‘कमांडो शिबिरे’ भरतात, मुलांना चिखलात लोळवून फोटो काढले जातात (पालकही खूश!) आणि जूनमध्ये मैदान ओस पडते. त्याऐवजी तालुका क्रीडा संकुलांत पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावेत आणि मैदान वर्षभर पहाटे साडेपाचला उघडावे.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा