एमआर काकांस, शि. सा. नमस्कार

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार.

मायना आईला विचारून लिहिलाय. मी 'प्रिय काका' लिहिणार होते, तर ती म्हणाली, वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला प्रिय काय लिहितेस! आणि पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही 'अगं, चहा टाक' असं आतल्या दिशेला ओरडून विषय बदलता.

दोन वर्षांपूर्वीचा जून. मी तुमच्याकडे आले होते ती खरं तर काकींकडे जुनी लुगडी मागायला. तोंड उतरलेलं होतं, ते तुम्ही पाहिलंत. गोधड्यांचं इन्स्टाग्राम पान सुरू करून वर्ष होत आलं होतं. रोज एक रील टाकायचे: सुई, दोरा, बोटं, मागं कुठल्यातरी गाजलेल्या गाण्याचा तुकडा. चार हजार फॉलोअर झाले होते आणि त्या महिन्यात गोधड्या विकल्या होत्या दोन. त्यातली एक मामेबहिणीनं घेतलेली. 'बूस्ट'चं बटण दाबून दोनदा पाचपाचशे रुपयेही घालवले होते. लाइक ढिगानं आले. विचारायला एकही बाई आली नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, ''गेल्या बारा गोधड्या कुणी घेतल्या?''

मला सांगता येईना. फॉलोअरचा आकडा मात्र तोंडपाठ होता.

मग तुम्ही माळ्यावरून औषध कंपनीची एक जुनी डायरी काढलीत. प्रत्येक पानाच्या तळाशी कुठल्यातरी गोळीची जाहिरात. ती माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, घरी जा, नावं लिहून आण, मग बोलू. खरं सांगू, मला राग आला होता. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी युक्ती सांगाल.

बारा नावं लिहिताना पहिल्यांदा कळलं. सात गोधड्या बाळांसाठी गेल्या होत्या आणि त्या बाळाच्या आईनं नव्हे, आजीनं, आत्यानं, मावशीनं घेतल्या होत्या. तिघींनी वारलेल्या आईच्या साड्या पाठवून गोधडी शिवून घेतली होती. उरलेल्या दोन भेटीच्या. बारापैकी नऊजणी पन्नाशीच्या पुढच्या. चौघींकडे तर इन्स्टाग्रामच नव्हतं, भाचीनं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता. आणि मी वर्षभर कुणासाठी नाचत होते? पंचविशीतल्या मुलींसाठी, ज्यांना गोधडी 'क्यूट' वाटते.

तीस वर्षं औषध कंपनीचा एमआर (विक्री प्रतिनिधी) म्हणून मिरजेतल्या दवाखान्यांबाहेर बॅग घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत दिसलं. तुम्ही सांगितलंत, रांगेत तासभर काढायचा आणि आत गेल्यावर डॉक्टर अर्धं मिनिट देणार. ''त्या अर्ध्या मिनिटात तू काय सांगशील?'' मी माझ्या पानावरचं वाचून दाखवलं: हस्तनिर्मित, सस्टेनेबल, परंपरेची ऊब वगैरे. ''डॉक्टरनं पुढच्याला आत बोलावलं,'' तुम्ही म्हणालात. चौथ्या खेपेला जमलं: 'तुमच्या आईच्या साड्यांची गोधडी करून देतो. दीड महिन्यात घरपोच.' आजही तेवढंच लिहिलंय. सस्टेनेबल शब्द काढला त्याचं तर मला काहीच वाईट वाटलं नाही.

मग आली तुमची ती प्रसिद्ध ए, बी, सी. ए वर्गाच्या डॉक्टरला महिन्यात तीनदा भेटायचं, बीला दोनदा, सीला एकदा. माझ्या वहीत ए म्हणजे जिनं स्वतः घेतली आणि आणखी कुणाला पाठवली. बी म्हणजे एकदा घेतलेली, सी म्हणजे विचारून गप्प बसलेली. एला फोन करायचा, आणि तोही विकायला नाही तर गोधडी पहिल्या धुण्यात कशी राहिली ते विचारायला. बी आणि सी व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत. त्या यादीत २५६ नावं बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही खूश झालात. ''म्हणजे ज्यानं दार उघडलंय त्याच्याकडेच जायचं. बरंय की!'' तेव्हापासून प्रत्येक पार्सलमध्ये 'नंबर सेव्ह करा' अशी हातानं लिहिलेली चिठ्ठी जाते.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं काम झालं ते वर्षाच्या तक्त्याचं. मी सणांची यादी घेऊन आले होते: दिवाळी, संक्रांत, मदर्स डे. तुम्ही ती बाजूला ठेवून विचारलंत, ''शिवणाऱ्या बायका कधी मोकळ्या असतात?'' आरग गावच्या सातजणी माझ्यासाठी शिवतात. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी झाली की त्या बागेत फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायला जातात, पुढं घडांची विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं). म्हणजे थंडी येते, लोकांना गोधडी आठवते, आणि नेमक्या तेव्हाच माझ्याकडे हात नसतात. आदल्या वर्षी नोव्हेंबरात घेतलेल्या ऑर्डरी मी फेब्रुवारीत पोचवल्या होत्या. दोघींनी पैसे परत मागितले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग तक्ता उलटा मांडला, सुईपासून सुरू करून. जून-जुलैत नवं काम नाही, धुतलेल्या साड्या वाळत नाहीत आणि कुबट वास गोधडीत कायमचा बसतो. तेव्हा फक्त नावं नोंदवायची. गणपतीत माणसं गावी येतात, कपाटं उघडली जातात, आईच्या साड्या हाताला लागतात. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा मेसेज तेव्हा जातो: 'त्यातल्या पाच बाजूला काढा.' घटस्थापनेला ऑर्डर बंद. उन्हाळ्यात पातळ दुपटी, बाळांसाठी. महिन्याला दहा गोधड्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार. मार्केटिंगच्या आराखड्यात 'आता विकायचं नाही' असंही एक कलम असतं, हे मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

रांग लागल्यावर किंमत वाढवायचा धीर आला. तोवर मी बायकांच्या मजुरीत दोरा आणि टपालखर्च मिळवून वर शंभर रुपये लावत होते, माझी स्वतःची मजुरी धरतच नव्हते. त्यावर तुम्ही जे बोललात ते इथं लिहीत नाही.

सगळंच तुमचं बरोबर निघालं असं नाही हं, काका. दहावर एक फुकट ही औषधांची स्कीम गोधडीला लागू होत नाही. दहा गोधड्या घेणार कोण, धर्मशाळा? तुमच्या आग्रहाखातर 'दोनवर एक दुपटं मोफत' करून पाहिलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. आणि इन्स्टाग्रामला तुम्ही 'नाचगाणं' म्हणता तेही मला मान्य नाही. आता आठवड्यातून एकच पोस्ट टाकते, एका गोधडीची आणि तिच्यातल्या साड्यांची, घरच्यांना विचारून. फोनवर विचारणारी बाई आधी तिथं डोकावते आणि हे लोक खरे आहेत का ते बघून घेते. दुकानाच्या काचेसारखा उपयोग होतो.

सँपलची कल्पना मात्र अफलातून. गोधडीचं सँपल कसं देणार म्हणून मी हसले होते. तुम्ही म्हणालात, वीतभर दे. उरलेल्या चिंध्यांचे वीतभर चौकोन, तीन थर, खरा धावदोरा, मागं नंबर. प्रत्येक पार्सलात दोन: एक तुम्हाला, एक मैत्रिणीला. लोक त्यावर देवाची घंटा ठेवतात, गरम पातेलं ठेवतात. एका आजींनी त्यावर चष्मा ठेवलेला फोटो पाठवलाय.

डायरीतले तुमचे तीन रकाने अजून भरते, रोज रात्री: कुणी विचारलं, कुठून कळलं, घेतली की नाही आणि का. पहिल्या सहा महिन्यांत ४१ जणींनी विचारलं. त्यातल्या २६ कुणाच्यातरी सांगण्यावरून आलेल्या. न घेणाऱ्यांपैकी किंमत जास्त म्हणणाऱ्या फक्त तिघी. बाकी बऱ्याचजणींना मी 'कधी मिळेल' याचं धड उत्तर दिलं नव्हतं. आता तारीख सांगते आणि तारखेला देते. बूस्टचं बटण त्यानंतर दाबलेलं नाही; महिन्याचे दीड हजार चिठ्ठ्या, चौकोन आणि फोनवर जातात.

फी विचारली तेव्हा तुम्ही जवळजवळ भांडलात. म्हणून गेल्या महिन्यात मी काकींशी संगनमत केलं. तुमच्या कपाटातल्या खालच्या खणातली पिशवी आता माझ्याकडे आहे. तीस वर्षांचे टाय, मोजून ३८. तपकिरी पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, एकावर आयोडीनचा डाग. पॉलिस्टर सुईखाली सटकतं, आरगच्या मावशी आत्तापासूनच मला शिव्या घालतात. मध्ये काकींचं एक जुनं लुगडं घालणार, कड सगळी टायांची होणार.

पण घटस्थापना होऊन गेलीय आणि बायका बागेत आहेत. वहीत तुमचा नंबर सतरावा लागलाय. मध्ये घुसवून घेणार नाही. तारीख लिहून ठेवा, १२ फेब्रुवारी.

काकींना नमस्कार सांगा. लुगडी अजून दोन लागतील.

तुमची,
वरच्या मजल्यावरची गोधडीवाली