पोटाच्या एमआरआयची माहिती तारीख देतानाच द्या

महोदय,

मी सांगलीत एमआरआय तंत्रज्ञ म्हणून काम करते. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या साह्याने शरीराच्या आतली चित्रं घेणारी तपासणी. पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या एमआरआयची तारीख मिळते तेव्हा रुग्णाच्या हातात जी चिठ्ठी पडते, तिच्यावर बहुतेक ठिकाणी 'उपाशीपोटी यावे, दागिने घालू नयेत' एवढंच लिहिलेलं असतं. बाकीचं सगळं त्याला यंत्राच्या दारात कळतं. तेव्हा कपडे बदलून झालेले असतात, हाताला सुई लागलेली असते आणि बाहेर पुढचा पेशंट खोळंबलेला असतो. हे बदलावं, असं मला पोटतिडकीने वाटतं.

डोक्याच्या तपासणीत पेशंटने फक्त स्वस्थ पडून राहायचं असतं. पोटाच्या तपासणीत मात्र त्याला आमच्या बरोबरीने काम करावं लागतं. ते काम म्हणजे श्वास. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड हे अवयव श्वासागणिक वरखाली होतात आणि हलले की चित्र फिसकटतं. म्हणून आम्ही सांगतो, "श्वास घ्या, सोडा, आता तसंच थांबा." साधारण पंधरा-वीस सेकंद थांबायचं असतं आणि हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. श्वास सोडून थांबायला सांगतो, कारण भरून घेतलेला श्वास दर वेळी कमीजास्त असतो; सोडल्यावर मात्र अवयव जवळपास त्याच जागी येतात. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. छातीभर श्वास घेतो आणि तोंड मिटून धरून ठेवतो. त्यातून अनेक यंत्रांतली सूचना रेकॉर्ड केलेली आणि इंग्रजीत असते. जत तालुक्यातले एक आजोबा प्रत्येक सूचनेला आतून मान डोलवत होते आणि श्वास चालूच होता. शेवटी त्यांना बाहेर घेतलं, टेबलावरच बसवलं, त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवला आणि चार-पाच वेळा सराव करून घेतला. नंतरची चित्रं स्वच्छ आली. हाच सराव घरी खाटेवर पडून कुणालाही करता येतो. फक्त तो करायचा आहे, हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

उपाशी राहण्याचंही कारण सांगत नाहीत. चार-सहा तास पोटात काही नसलं की पित्ताशय भरलेलं राहतं, आतडी कमी हलतात आणि पित्तनलिका नीट दिसते. कारण कळलं की माणूस 'नुसता चहा घेतला' असं करत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि गोळी-इन्सुलिनचं आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. आतड्यांची हालचाल थांबवायला कधी कधी एक इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते त्याआधी सांगितलं पाहिजे.

चित्रं अधिक स्पष्ट यावीत म्हणून कधी कधी शिरेतून औषध देतात, ते गॅडोलिनियम या धातूचं असतं. हात गार पडल्यासारखा वाटतो, क्वचित मळमळतं, आणि बहुधा तेवढंच. पण मूत्रपिंड फारच कमकुवत असेल तर प्रश्न येतो, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत हवा. जुनी सोनोग्राफी, सीटी, ऑपरेशनचे कागदही आणावेत. गरोदरपणाची शंका असेल तर आधी सांगावं.

बायकांना तर कुणी काहीच सांगत नाही. तांबी बसवलेली बाई 'चुंबक ती ओढून घेईल' या भीतीने रात्रभर झोपत नाही. तांबं चुंबकाला चिकटत नाही आणि नेहमीच्या तांबीने तपासणी अडत नाही. फक्त आम्हाला सांगायचं. पाळी चालू असली तरी तपासणी होते. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) बघण्यासारख्या काही तपासण्यांत योनिमार्गात जेल घालतात, म्हणजे आतल्या भिंती वेगळ्या दिसतात. हे टेबलावर पडल्यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलीची अवस्था मी पाहिली आहे. ते आधी समजावून, तिची संमती घेऊन, बाई कर्मचाऱ्यानेच करायला हवं. नको म्हणण्याचा हक्क तिला आहे आणि तोही तिला सांगितला पाहिजे.

दागिन्यांचंही तसंच. मंगळसूत्र काढायला सांगितलं की सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. आदल्या दिवशी कल्पना असली की बायका गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधून येतात आणि दारातला वाद मिटतो. जोडवी घरीच साबण लावून काढावीत. साडीच्या पिना, परकराचे हूक, चकाकणारी टिकली, पुरुषांचा चांदीचा करगोटा, ताईत, हे सगळं बाहेर. पेसमेकर, कानातलं यंत्र, पोटातल्या क्लिपा, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण, यातलं काहीही लपवू नये. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटसोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनच्या सिलिंडरसह यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. चुंबक चोवीस तास चालू असतं, तपासणी चालू नसतानाही. नातेवाइकांनी आमच्या परवानगीशिवाय उंबरठा ओलांडू नये.

आत काय होतं? पोटावर एक चपटी कॉइल (तारेच्या वेटोळ्यांची पट्टी) बांधतात, ती शरीरातून येणारे सिग्नल टिपते. हातात दाबायचा फुगा असतो. तो दाबला की आम्ही लगेच बोलतो, गरज पडली तर बाहेर काढतो. ठकठक आणि घणघण आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन. यंत्राच्या आत बसवलेल्या दुसऱ्या कॉइलमधला विजेचा प्रवाह झपाट्याने बदलतो, त्याने ती थरथरते, त्याचा तो आवाज. यंत्र बिघडलेलं नसतं. अर्धा-पाऊण तास लागतो, औषध दिलं तर थोडा जास्त. एक्स-रेसारखी किरणं यात नसतात. बंद जागेची भीती असेल तर तारीख घेतानाच सांगा. ओटीपोटाच्या तपासणीत बऱ्याचदा पाय आधी आत नेता येतात, डोकं यंत्राच्या तोंडाजवळ राहतं. नातेवाईकही तपासून घेऊन खोलीत बसवता येतो.

एक भीती मला फार वेळा दिसते. तोच भाग पुन्हा घेतला की पेशंट समजतो, काहीतरी वाईट सापडलं. बहुतेक वेळा श्वास हललेला असतो, एवढंच. निदान रेडिओलॉजिस्ट, म्हणजे ही चित्रं वाचणारे डॉक्टर, करतात आणि त्याला वेळ लागतो. आम्ही गप्प असतो म्हणून त्याचा अर्थ लावू नका.

सरकारी रुग्णालयांत आणि खासगी केंद्रांत हे सगळं अर्ध्या पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठीतून छापून तारखेच्या चिठ्ठीला जोडावं. वाचता न येणाऱ्याला कुणीतरी ते वाचून दाखवावं आणि श्वासाचा सराव तिथेच एकदा करून घ्यावा. जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि केंद्रचालकांनी यात लक्ष घालावं, ही विनंती.

– एक एमआरआय तंत्रज्ञ, सांगली
(नाव छापू नये)